पॅनिक बटण दाबल्यावर निरोप कुठे जातो?

सोलापुरात सहा मिनीबस चालवणाऱ्या एका व्यावसायिक ताईंनी विचारलेले प्रश्न थोडक्यात असे आहेत. त्यांच्या गाड्या आठवडाभर अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतींत महिला कामगारांची ने-आण करतात आणि शनिवार-रविवारी अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या मारतात. प्रत्येक पासिंगच्या वेळी जीपीएस यंत्र आणि पॅनिक बटण यांवर पैसे खर्च होतात, त्यांचा खरोखर उपयोग आहे का? फोनवरून इंजिन बंद करता येईल असे यंत्र बसवा, असा आग्रह एक विक्रेता करतो आहे, ते बसवावे का? बाहेरचा कोणी हॅकर धावत्या गाडीचा ताबा घेऊ शकतो का? आणि 'मालकीणबाई आमच्यावर पाळत ठेवतात' असे चालक म्हणतात, त्यांना काय उत्तर द्यावे? नुकतीच एक गाडी विकल्याचाही त्यांनी ओघात उल्लेख केला आहे. तो वरवर किरकोळ वाटला तरी त्याकडे मी शेवटी येणार आहे.

मी गेली २३ वर्षे व्यापारी वाहनांच्या वायरिंगचे आणि त्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचे काम सोलापुरात करतो. हातात टेस्ट लॅम्प घेऊन सुरुवात केली आणि आता लॅपटॉप जोडल्याशिवाय गाडीचा दोष कळत नाही, एवढा बदल या काळात झाला. या अनुभवातून एक सवय लागली आहे. कोणतेही यंत्र समोर आले की ते काय काय करते हे विचारण्याआधी, ते निरोप कोणाला पाठवते आणि कोणाचा निरोप मानते, एवढे मी पाहतो. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरे याच एका चौकशीतून निघतात.

आधी जीपीएसबद्दलची एक समजूत दूर करू. उपग्रह तुमच्या गाडीकडे पाहत नसतात. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते केवळ वेळ आणि स्वतःचे स्थान सांगत राहतात. गाडीतील यंत्र किमान चार उपग्रहांचे ऐकून आपण कोठे आहोत याचे गणित स्वतः सोडवते आणि ते उत्तर सिमकार्डावरून एखाद्या सर्व्हरकडे पाठवते. म्हणजे आकाशातला भाग फुकट असून सहसा बिघडत नाही. तुम्ही पैसे भरता ते जमिनीवरच्या भागाचे, आणि बंद पडतो तोही तोच.

प्रवासी वाहनांत हे यंत्र आणि आणीबाणीचे बटण आले त्यामागे डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराची पार्श्वभूमी आहे. पुढे २०१३ मध्ये निर्भया निधी उभा राहिला, २०१६ च्या अखेरीस केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना तो लागू झाला. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या आहेत. त्यासाठीचे तांत्रिक मानक म्हणजे एआयएस-१४०. हे मानक कागदावर चांगले आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मुख्य बॅटरीची तार कापली तरी यंत्र स्वतःच्या बॅटरीवर किमान चार तास चालले पाहिजे, तार कापल्याची सूचना गेली पाहिजे आणि नेटवर्क नसताना किमान ४०,००० नोंदी साठवून नेटवर्क आल्यावर त्या पाठवल्या पाहिजेत, अशा अटी त्यात आहेत. गाणगापूरच्या वाटेवर मोबाइलची रेंज गेली तरी नोंद राहते ती यामुळे.

परंतु मानक यंत्रापुरते असते. यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसापुरते कोणतेही मानक पुरे पडत नाही. काही वर्षांपूर्वी एका बसमालकाच्या सांगण्यावरून मी त्यांच्या गाडीतील बटण घड्याळ लावून दाबले. यंत्रावरचा दिवा लागला, निरोप गेल्याचे लॅपटॉपवर दिसले आणि पुढे काहीच झाले नाही. शोध घेतल्यावर कळले की, निरोप विक्रेत्याच्या सर्व्हरवर पोहोचला होता आणि तिथून तो एका मुलाच्या मोबाइलवर जात होता. यंत्र बसवताना त्या मुलाने स्वतःचाच क्रमांक चाचणीसाठी टाकला होता, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला होता. यंत्र उत्तम होते, पासिंगही झाले होते. आजही मला सापडणारे दोष याच जातीचे असतात. सिमची मुदत संपलेली असते, सीटचे कव्हर बदलताना कारागिराने बटणाची तार कापलेली असते, किंवा बटणावर रेक्झिन चढवलेले असते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, पैसे वाया जातात की कामी येतात हे तुम्ही दर महिन्याला बटण दाबून पाहता की नाही यावर ठरते. मात्र विक्रेत्याला आधी कळवून, चाचणीची नोंद करूनच ते दाबावे, कारण यंत्र राज्याच्या नियंत्रण कक्षाशी जोडलेले असेल तर विनाकारण खोटी वर्दी जाईल. निरोप नेमका कोणकोणत्या ठिकाणी जातो आणि गाडी कर्नाटकाच्या हद्दीत असताना काय होते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तोंडी मिळणारे 'सगळं कनेक्ट आहे, काळजी नको' हे उत्तर मी उत्तर धरत नाही. याच्या जोडीला एक बिनखर्चाची गोष्ट करा. प्रत्येक गाडीच्या आत, प्रवाशाला बसल्या जागेवरून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत गाडीचा क्रमांक, ११२ आणि तुमचा स्वतःचा फोन क्रमांक लिहा. आपण बसलेल्या बसचा क्रमांक प्रवाशाला ठाऊक नसतो, आणि घाबरलेल्या माणसाला फोनवर पहिल्यांदा तोच विचारला जातो.

आता दुरून इंजिन बंद करण्याचे यंत्र. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. हे उपकरण फार साधे असते. जीपीएसच्या डबीला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, जोडायचा आणि तो इंधनाच्या किंवा इग्निशनच्या तारेत घालायचा, म्हणजे फोनवरून एक संदेश पाठवला की त्या तारेतली वीज तुटते आणि इंजिन थांबते. गाडी चोरीला गेली किंवा हप्ता थकला तर उपयोगी, असे सांगून ते विकले जाते. पण धावत्या मिनीबसचे इंजिन अचानक बंद झाले म्हणजे काय होते, याचा विचार विक्रेता करत नाही. इंजिनावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा जोर जातो आणि चाक दगडासारखे जड होते. व्हॅक्यूमच्या मदतीने चालणाऱ्या ब्रेकमध्ये दोन-तीनदा पाय दाबण्यापुरती ताकद उरते. हवेचे ब्रेक असतील तर टाकीत शिल्लक असेल तेवढ्यावर भागवावे लागते. पुणे-हैदराबाद महामार्गावर मागून भरलेले कंटेनर येत असताना, वीस बायका बसलेली गाडी अशा अवस्थेत मधल्या लेनमध्ये उभी राहणे म्हणजे काय, हे तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि तो संदेश तुम्हीच पाठवाल, याची खात्री काय? जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने मायकोडस कंपनीच्या एमव्ही-७२० या चिनी बनावटीच्या ट्रॅकरविषयी जाहीर इशारा दिला होता. बिटसाइट या कंपनीच्या संशोधकांना त्यात सहा त्रुटी सापडल्या होत्या. सर्व यंत्रांना एकच मूळ पासवर्ड होता, तो म्हणजे १२३४५६. आणि त्याशिवाय सर्व्हरच्या दारासाठी एक मास्टर पासवर्ड प्रणालीतच कायमचा लिहून ठेवलेला होता. या कंपनीची सुमारे १५ लाख यंत्रे १६९ देशांत वापरात होती आणि त्या ट्रॅकरमध्ये इंधन तोडण्याची सोय होती. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यांची नावे वेगळी असतील, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांचा पासवर्ड मी आधी १२३४५६ टाकून पाहतो आणि बहुतेक वेळा पुढचे विचारावे लागत नाही. अशा यंत्राला तुमचा मोबाइल क्रमांक आणि दुसऱ्या कोणाचा क्रमांक यांतला फरक कळत नाही; पासवर्ड बरोबर असला की ते आज्ञा पाळते.

चोरीची भीती खरीच असेल तर रिले फक्त स्टार्टरच्या तारेत घाला. त्याने चालू गाडी थांबत नाही. एकदा उभी राहिलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही, एवढेच होते. चोराला तेवढेही पुरेसे अडते. पासवर्ड बदला आणि आज्ञा केवळ तुमच्या दोन क्रमांकांवरूनच स्वीकारली जाईल असे यंत्रात नोंदवून घ्या. विक्रेता याला तयार नसेल तर तो यंत्र विकतो आहे की तुमच्या गाडीची दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवतो आहे, हे तपासावे लागेल.

हॅकरच्या प्रश्नाला थोडी प्रस्तावना लागेल. पूर्वी ॲक्सिलरेटरपासून डिझेल पंपापर्यंत सरळ केबल असे. पाय आणि पंप यांच्यामध्ये तिसरा कोणी नव्हता. आता पायाखाली सेन्सर असतो आणि तो इंजिनाच्या संगणकाला निरोप देतो. इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड असे गाडीतील अनेक छोटे संगणक एकाच दोनतारी वाहिनीवर एकमेकांशी बोलतात. ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे मांडली. ती स्वस्त आणि दणकट आहे, गोंगाटातही चुकत नाही. पण त्या वाहिनीवर आलेला निरोप कोणी पाठवला हे तपासण्याची सोय मूळ रचनेत नाही. एका वाड्यात सगळे ओळखीचेच राहतात असे धरून दाराला कडीच ठेवली नाही, तसा हा प्रकार आहे. वाड्याला बाहेरचा रस्ता जोडला गेला तेव्हा अडचण सुरू झाली. २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा संशोधकांनी मोबाइल नेटवर्कवरून, गाडीच्या करमणूक यंत्रणेतून आत शिरून धावत्या जीप चेरोकीवर ताबा मिळवून दाखवला आणि कंपनीला १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

रेल्वेने हा प्रश्न फार जुन्या काळी ओळखला होता, म्हणून थोडे विषयांतर करतो. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी सुरू झाली. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून टोकनची पद्धत होती. दोन स्थानकांवरची टोकन यंत्रे विजेने एकमेकांशी अशी बांधलेली असत की त्या टप्प्याचे एका वेळी एकच टोकन बाहेर निघे, आणि ते हातात आल्याशिवाय चालकाने पुढे जायचे नाही. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून वेताच्या कड्यातले टोकन झेलणारे चालक जुन्या पिढीने पाहिले आहेत. त्या टोकनमध्ये 'पुढे जा' हा निरोप होता आणि तो निरोप खरा असल्याचा पुरावाही होता. नव्या तंत्रज्ञानात निरोप विजेच्या वेगाने जातो, पण पुष्कळदा पुरावा मागे राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये सुमारे २० रेल्वेगाड्या कोणीतरी रेडिओवरून थांबवल्या. तिथल्या जुन्या रेडिओवर ठरावीक तीन स्वर वाजले की गाडीला ब्रेक लागत. ते स्वर कोण वाजवतो हे कोणी विचारत नव्हते. त्यासाठी संगणकातले शिक्षण लागत नव्हते, साधा ट्रान्समीटर पुरला. त्याच देशात २००८ मध्ये वूच शहरात एका १४ वर्षांच्या मुलाने टीव्हीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे सांधे बदलले होते आणि चार ट्राम रुळांवरून घसरल्या होत्या. आपल्या रेल्वेने २०२० मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले 'कवच' रुळांवरील टॅग आणि रेडिओ यांच्या आधारे, चालकाने लाल सिग्नल ओलांडण्याआधी स्वतः ब्रेक लावते. त्यात संदेश खरा आहे की नाही हे पडताळण्यासाठी गुप्त सांकेतिक चाव्यांची स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे. तिचे जनतेत फारसे कौतुक होत नाही. माझ्या मते तिला स्वयंचलित ब्रेकइतकेच महत्त्व आहे.

तुमच्या मिनीबसकडे परत येऊ. तुमच्या जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप असेल, तर हॅकरला तिथे हात घालायला काहीच नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत संगणक आहेत, पण बाहेरून आत येण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एक वाट म्हणजे कंपनीचीच टेलिमॅटिक्स यंत्रणा, म्हणजे गाडीची माहिती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीला पाठवणारी. ती कंपनीने सांभाळायची असते. दुसरी वाट डॅशबोर्डखालचा, दोष तपासण्यासाठी लॅपटॉप जोडायचा ओबीडी सॉकेट, ज्यात आपणच कुठलीही ब्लूटूथची डबी खोचतो. तिसरी वाट मिस्त्रीने कॅनच्या तारा सोलून जोडलेली जीपीएसची डबी. या शेवटच्या दोन वाटा आपण स्वतः उघडलेल्या असतात. जीपीएसच्या यंत्राला वीज, अर्थिंग आणि इग्निशनची तार एवढेच पुरते. डिझेलची पातळी हवी म्हणून कोणी कॅनच्या तारा कापायला निघाला, तर त्याला थांबवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. खरे सांगायचे तर हॅकरपेक्षा अशा जोडण्यांतून होणाऱ्या शॉर्टसर्किटने जळालेल्या गाड्या मी अधिक पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट बोलायला थोडी अवघड आहे. २३ वर्षांत माझ्याकडे गाडीच्या यंत्रणेत फेरफार करून मागायला आलेल्यांत अनोळखी गुन्हेगार एकही नव्हता. सगळे गाडीमालक किंवा त्यांचीच माणसे होती. ताशी ८० किलोमीटरला बांधलेला वेगनियंत्रक मोकळा करून द्या, धुराच्या शुद्धीकरणासाठी लागणारे युरियाचे द्रावण न भरताही इंजिन चालेल असे करा, किलोमीटर मागे फिरवा, अशा त्यांच्या मागण्या असत. काहींना मी नकार दिला, तर त्यांनी दुसरीकडे करून घेतले. पासिंगपुरता वेगनियंत्रक जोडायचा आणि नाक्याबाहेर पडताच काढायचा, हे इथे कोणालाही नवे नाही. सुरक्षेचे नियम करणारे शहाणे लोक बाहेरच्या शत्रूचा विचार करतात. आपल्या रस्त्यांवर यंत्रणेला खोटे बोलायला लावणारा बहुधा घरातलाच असतो आणि त्याला त्यासाठी संगणकाचे ज्ञान नव्हे, एक पक्कड पुरते.

फास्टॅगविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या चालकांच्या फोनवर तो व्हिडिओ आलाच असेल, ज्यात काच पुसणारा मुलगा हातातले घड्याळ टॅगसमोर धरून पैसे काढतो. तो २०२२ मधील व्हिडिओ बनावट आहे. टॅगमध्ये पैसे नसतात, बॅटरीही नसते; तो फक्त आपला क्रमांक सांगतो आणि पैसे नोंदणीकृत टोलनाक्याच्या खात्यातच जातात. धोका वेगळ्याच वाटेने येतो. गाडीचा क्रमांक घालून 'तुमच्या वाहनावर चलान आहे' असा व्हॉट्सॲप संदेश येतो, सोबत आरटीओच्या नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, असते, आणि ती उघडून परवानग्या दिल्या की फोनमधले ओटीपी परक्याच्या हाती जातात. ही फसवणूक चालते, कारण खऱ्या चलानाचा संदेशही फोनवरच येतो आणि तो आला की छातीत धस्स होतेच. शासन चलान एपीके फाइलने पाठवत नाही. संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो का ते पाहावे, आणि फाइल उघडली गेलीच तर त्याच घटकेला नेट बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला कळवावे. गाड्यांचे डिझेल, टोल, हप्ते ज्या बँक खात्यातून जातात, ते खाते चालकाच्या फोनशी जोडलेले नसावे, हेही ओघाने आलेच.

चालकांच्या तक्रारीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो आहे, कारण ती सर्वांत खरी आहे. अमेरिकेतील एक उदाहरण सांगतो. एका कंपनीच्या ट्रकचालकाने मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून जीपीएस जॅमर, म्हणजे उपग्रहांचे संकेत बुजवणारी डबी, गाडीत बसवली. त्याच्या रस्त्यावर नेवार्क विमानतळ होता, आणि त्या छोट्या डबीने विमानांना उतरताना मदत करणाऱ्या जीपीएस यंत्रणेत व्यत्यय आणला. २०१३ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने त्याला सुमारे ३२ हजार डॉलरचा दंड सुनावला. त्याला विमानाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला फक्त आपल्या साहेबाच्या नजरेतून सुटायचे होते. आपल्या होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २०२५ च्या जूनपासून गोव्याची विमाने उडू लागली आहेत आणि महामार्गांवरून दिवसरात्र मालट्रक जातात. जॅमर बाळगणे आपल्याकडे बेकायदा आहे, हे चालकाला सांगावेच; पण तो जॅमर का शोधतो, याचे उत्तर मालकाने शोधले पाहिजे.

माझ्या पाहण्यात चालक भडकतात ते गाडी कुठे आहे हे कळल्यामुळे नव्हे. चहाला थांबलेली दहा मिनिटे पगारातून कापली जातात, रात्रीची फेरी संपवून घरी निघाल्यावरही फोन येतो, आणि तीच नोंद चालकाच्या बाजूने कधीच वापरली जात नाही, म्हणून ते भडकतात. अपघातात दोष समोरच्याचा होता, किंवा गाडी नाक्यावर चाळीस मिनिटे अडकली होती, हे यंत्र तितक्याच निर्विकारपणे सांगते. ती नोंद चालकाला मागता येईल, असे त्यांच्यासमोर जाहीर करा. कायद्याने पाहिले तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला मुभा आहे. म्हणजे तुम्ही गाडीवर लक्ष ठेवता, यात गैर काही नाही. पण गाडीवर ठेवायचे लक्ष चालकाच्या खासगी फोनवर ट्रॅकिंग ॲप टाकून त्याच्या घरापर्यंत नेले, तर त्याला कामाचे कारण देता येणार नाही. काय नोंदले जाते, कोण पाहते, किती महिने ठेवले जाते आणि कोणत्या कारणाने पगाराला हात लागतो, हे एका पानावर मराठीत लिहून सर्वांना द्या. तुमचे काही चालक घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील, तर ते पान एकदा बसून वाचूनही दाखवा.

आता गाडीतल्या बायकांविषयी. शहर पसरत चालले आहे. कुंभारीला रे नगरमध्ये १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात आली, आणि अशा वसाहतीतून कामावर वेळेत पोहोचणे हे वडापच्या जीपवर किंवा तुमच्यासारख्यांच्या मिनीबसवर अवलंबून असते. तुमच्या गाडीचे थेट ठिकाण कामगारांच्या व्हॉट्सॲप गटात टाकल्याने मे महिन्याच्या उन्हात थांब्यावर अर्धा तास उभे राहणे वाचते, हा मोठाच लाभ आहे. मुली रात्रपाळी धरू शकतात आणि घरचे हरकत घेत नाहीत, असे मी स्वतः ऐकले आहे. पण तीच लिंक गटातून पुढे जाते. रात्री शेवटच्या थांब्यावर कोणती मुलगी किती वाजता एकटी उतरते, हे ती लिंक हाती असलेल्या कोणालाही रोज दिसते. एखाद्या मुलीच्या मागे लागलेला माणूस त्या गटातल्या कोणाचा तरी भाऊ किंवा शेजारी असू शकतो. म्हणून कायमची लिंक देऊ नका. प्रत्येक पाळीपुरती, एक-दीड तासात आपोआप बंद होणारी लिंक द्या. ज्या थांब्यावर मुली चढतात तिथवरच ती चालू ठेवा आणि परतीच्या फेरीची लिंक गटात टाकूच नका. घरच्यांना हवी असेल तर ती मुलीने स्वतः आपल्या फोनवरून द्यावी. कोणाला कळवायचे हे तिने ठरवायचे. मार्ग असा आखा की रात्री शेवटी उतरणाऱ्या दोघीजणी असतील. हा बदल करायला कोणतेही यंत्र लागत नाही, एका फेरीमागे चार-पाच किलोमीटरचे डिझेल जास्त लागते.

शेवटी तुम्ही विकलेल्या गाडीबद्दल. नावावर करून देणे, विमा, फास्टॅग बंद करणे हे बहुतेक जण करतात. जीपीएसचे खाते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. नव्या मालकाची गाडी आज कुठे गेली, रात्री कुठे उभी राहिली, हे जुन्या मालकाच्या फोनवर महिनोन्‌महिने दिसत राहते, आणि डबीत इंजिन बंद करणारा रिले असेल तर ती किल्लीही जुन्याच हातात राहते. आज संध्याकाळी ॲप उघडून पाहा. विकलेली गाडी त्यात हलताना दिसत असेल, तर विक्रेत्याला लेखी कळवून ती तुमच्या खात्यातून काढायला सांगा, नव्या मालकाला फोन करून पासवर्ड बदलायला लावा, आणि मग तुम्ही स्वतः जी गाडी जुनी म्हणून विकत घेतली असेल तिचे खाते कोणाच्या फोनवर उघडे आहे, याची चौकशी सुरू करा.